मज्जातंतूच्या टोंकाचा शोध : डॉ. सांतियागो रामोन इ काहाल

दसरा उलटला म्हणजे आमच्या बीड जिल्ह्यांतील गांवें रिकामीं होऊं लागतात. पाटोदा, शिरूर, केज, धारूर या भागांतील हजारों कुटुंबें बिऱ्हाड पाठीशीं बांधून ऊसतोडीस निघतात. कोणी सांगली-कोल्हापुराकडे जातें, कोणी कर्नाटकांत उतरतें. पतिपत्नीच्या जोडीस त्या व्यवसायांत एक कोयता असेंच म्हणतात. माणसाच्या आधीं हत्याराचें नांव. त्या कोयत्याचा घाव कधीं कधीं उसाऐवजीं हातावर बसतो. जखम भरून येते, टांके निघतात. पण मनगटापाशीं मज्जातंतु तुटलेला असेल तर बोटें बधिर राहतात. डॉक्टरांनीं तंतूचीं दोन्ही टोंकें शिवून जोडलीं तरी दुसऱ्या दिवशीं बोटांस जाणीव येत नाहीं. ती दिवसाला सुमारें 1 मिलिमीटर या बेतानें मनगटाकडून बोटांकडे सरकत येते. मनगटापासून बोटाच्या अग्रापर्यंतचें अंतर 18 सेंटिमीटर धरलें तर हिशेबानें 180 दिवस होतात, म्हणजे ऊसतोडीचा एक सबंध हंगाम.

या सहा महिन्यांत हाताच्या आंत काय चाललेलें असतें? तुटलेल्या तंतूचा वरचा भाग जिवंत असतो. त्याला नवें टोंक फुटतें, आणि तें टोंक मांसाच्या व शिरांच्या गर्दींतून आपल्या जुन्या वाटेनें बोटाकडे निघतें. त्याला डोळे नाहींत. बाहेरून त्याला कोणी ओढीतहि नाहीं. मग तें चालतें कशाच्या बळावर, आणि वळतें कसें? पेशीच्या आंत अतिसूक्ष्म दोऱ्यांचा व नळ्यांचा एक सांगाडा असतो आणि तोच या टोंकाला चालवितो, हें उत्तर आज शास्त्रज्ञांना पुष्कळसें उलगडलें आहे. परंतु मज्जातंतूला असें चालणारें टोंक असतें, हीच गोष्ट ज्यांनीं सर्वांच्या आधीं पाहिली, ते स्पेन देशांतील डॉक्टर सांतियागो रामोन इ काहाल यांचें चरित्र आम्ही यंदा आमच्या विद्यार्थिमित्रांपुढें ठेवीत आहों.

काहाल यांचा जन्म 1 मे 1852 रोजीं स्पेनच्या उत्तरेकडील पेतिया दे आरागोन या डोंगरांतील खेड्यांत झाला. त्यांचे वडील हुस्तो रामोन हे मोठ्या कष्टानें शिकून वैद्य झालेले गृहस्थ होते. गरिबी काय असते तें त्यांनीं भोगलें होतें. म्हणून मुलानें वैद्यच व्हावें, दुसरें कांहींहि होऊं नये, असा त्यांचा निश्चय होता. आणि मुलगा तर चित्रकलेनें झपाटलेला! कोळसा, खडू, पेन्सिल, जें हातीं पडेल त्यानें सांतियागो भिंतींवर, दारांवर, कागदाच्या चिटोऱ्यांवर घोडे, शिपाई व साधुसंत काढीत सुटे. वडिलांनीं चित्रें फाडलीं, रंग फेकून दिले. अखेर मुलाच्या अंगीं खरोखर कांहीं गुण आहे कीं काय याचा निर्णय करावा म्हणून त्यांनीं त्याचें एक चित्र परीक्षेसाठीं नेलें, तें कोणापुढें? तर आयेर्बे गांवच्या देवळाच्या भिंती रंगवावयास आलेल्या एका रंगाऱ्यापुढें! या पोराला चित्रकला येणार नाहीं, असा निकाल त्या रंगाऱ्यानें दिला, व चित्रकलेचा दरवाजा बंद झाला. पुढें याच हातानें काढलेलीं चित्रें जगांतील वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत शंभर वर्षें छापलीं जावयाचीं होतीं.

वडिलांस केवळ कठोर म्हणून सोडून देणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. एका ओसाड गुहेंत नेऊन त्यांनीं मुलाला फ्रेंच शिकविली, कारण तेथें लक्ष विचलित करणारें कांहीं नव्हतें. इतकी कळकळ किती बाप दाखवितील? परंतु शाळेंत सांतियागोचें कधींच जमलें नाहीं. हाका गांवच्या ज्या शाळेंत त्याला घातलें, तेथें लॅटिन व्याकरण पाठ करणें हाच अभ्यास होता आणि वेताची छडी हेंच अध्यापन होतें. त्याला कोंडून ठेवीत, उपाशी ठेवीत. तो पळून जाई किंवा शिक्षकाचें व्यंगचित्र काढी. छडीनें विद्या येते या मताचे लोक आमच्याकडेहि अजून भेटतात, म्हणून हा उल्लेख मुद्दाम केला. अकराव्या वर्षीं तर त्यानें कहर केला. लांकडाचा ओंडका पोंखरून तोफ बनविली, तींत दारू व दगड ठासले, आणि शेजाऱ्याच्या बागेच्या नव्या फाटकावर ती डागली. फाटकाच्या चिंधड्या झाल्या. मुलाला गांवच्या कोठडींत कांहीं दिवस काढावे लागले, आणि वडिलांनीं ती शिक्षा योग्यच मानली.

पुढें शिक्षा म्हणून त्याला प्रथम न्हाव्याच्या दुकानांत व नंतर चांभाराकडे कामास ठेवलें. जोडे शिवण्यांत तो चांगला तरबेज झाला. ज्यांच्या हाताला नाजूक काम साधतें, त्यांचा तो गुण कोठेंहि वाया जात नाहीं, असें आम्हांस वाटतें. 1868 सालच्या उन्हाळ्यांत वडिलांना एक युक्ति सुचली. चंद्रप्रकाशांत ते मुलाला एका जुन्या स्मशानांत घेऊन गेले, आणि उघड्या पडलेल्या मानवी अस्थि त्यांनीं त्याच्याकडून गोळा करविल्या. या अस्थींच्या साहाय्यानें ते त्याला शरीररचना शिकवूं लागले, आणि तीं हाडें काढण्यास हातांत पेन्सिलहि दिली. बापाला वैद्य हवा होता, मुलाला चित्र हवें होतें. दोघांचा समेट त्या हाडांवर झाला.

झारागोझा येथील विद्यापीठांतून 1873 सालीं काहाल यांनीं वैद्यकाची पदवी घेतली. लगेच सैन्यांत भरती झाली, आणि 1874 सालीं त्यांची रवानगी क्यूबा बेटावर झाली. त्या वेळीं तें बेट स्पेनच्या ताब्यांत होतें व तेथें बंडाळी माजली होती. दलदलींतील लष्करी दवाखान्यांत रोग्यांची शुश्रूषा करतां करतां त्यांना स्वतःलाच हिंवतापानें गांठलें. 1875 सालीं ते हाडांचा सांपळा होऊन परत आले. थकलेला पगार मोठ्या मिनतवारीनें हातीं आला, त्याचें त्यांनीं काय केलें? डॉक्टरकीच्या परीक्षेसाठीं 1877 सालीं माद्रिदला गेले असतां त्यांनीं तेथें प्रथमच सूक्ष्मदर्शकाखालचे उत्तम नमुने पाहिले, आणि शिलकींतील पैशांनीं एक सूक्ष्मदर्शक यंत्र विकत घेतलें. पुढच्याच वर्षीं त्यांना रक्ताच्या उलट्या झाल्या. क्षय जडला होता. डोंगरांतील हवेनें ते वांचले. 1879 सालीं सिल्वेरिया फान्यानास या तरुणीशीं त्यांचा विवाह झाला. तुटपुंज्या पगारांत वाढता संसार चालवून वर नवऱ्याच्या रसायनांस व मासिकांस पैसा पुरविणें या बाईंनीं कसें साधलें, तें त्याच जाणोत. चरित्रकारांनीं त्यांना दिलेल्या ओळी फार थोड्या आहेत, ही आमची तक्रार आहे.

1883 सालीं काहाल यांस व्हॅलेन्सिया येथें शरीरशास्त्राच्या अध्यापकाची जागा मिळाली. 1885 सालीं त्या भागांत पटकीची सांथ आली. तिच्यासंबंधीं त्यांनीं केलेल्या कामावर संतुष्ट होऊन झारागोझाच्या प्रांतिक मंडळानें त्यांना झाइस कंपनीचा उत्तम सूक्ष्मदर्शक भेट दिला. द्रव्य न देतां यंत्र दिलें, हें त्या मंडळाचें शहाणपण. याच यंत्रानें पुढील सर्व काम झालें.

आतां तें काम काय होतें हें समजण्यासाठीं थोडें थांबलें पाहिजे. मेंदु व पृष्ठरज्जु यांचा पातळ काप काढून पाहिला तर नुसतें तंतूंचें रान दिसतें. कोणता तंतु कोठून निघाला व कोठें गेला याचा पत्ता लागत नाहीं. 1873 सालीं इटलींतील कामिलो गोल्जी या शास्त्रज्ञानें एक अद्भुत रीति शोधून काढली. मेंदूचा तुकडा आधीं पोटॅशियम डायक्रोमेटच्या व मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणांत ठेवला म्हणजे शेंकडों पेशींतून एखादीच पेशी काळी होते, पण ती जी काळी होते ती शेवटच्या फांदीपर्यंत. घनदाट अरण्यांतील सर्व झाडें अदृश्य व्हावींत, आणि एकच झाड मुळांपासून शेंड्यापर्यंत उभें दिसावें, तसा हा प्रकार. गोल्जी यांनीं मात्र असें अनुमान केलें कीं, हे सर्व तंतु शेवटीं एकमेकांत मिसळून एकच अखंड जाळें होतें. त्या काळीं बहुतेकांचें मत तसेंच होतें.

1887 सालीं माद्रिदमध्यें डॉ. लुइस सिमार्रो यांच्याकडे काहाल यांनीं हे काळे नमुने पाहिले, आणि त्या दिवसापासून ते दुसऱ्या कोणत्याहि विषयाचे राहिले नाहींत. त्याच वर्षीं ते बार्सिलोना येथें अध्यापक म्हणून गेले. गोल्जींची रीति लहरी होती. कधीं साधे, कधीं फसे. काहाल यांनीं द्रावणांत दोनदां भिजविण्याची तोड काढली. त्याहूनहि मोठी युक्ति अशी कीं, पूर्ण वाढलेल्या मेंदूच्या अरण्यांत शिरण्याऐवजीं त्यांनीं कोंवळें रोप पाहावयाचें ठरविलें. अंड्यांतील पिलें व नुकतेंच जन्मलेले प्राणी यांच्या तंतूंवर चरबीचें वेष्टन अजून चढलेलें नसतें. त्यामुळें रंग आंतपर्यंत पोहोंचतो, आणि पेशी थोड्या व सुट्या असल्यामुळें नजर गोंधळत नाहीं. हें कोणाला सुचलें नव्हतें असें नाहीं; पण चिकाटीनें कोणी केलें नव्हतें.

1888 सालच्या मे महिन्यांत त्यांनीं पदरच्या पैशांनीं एक त्रैमासिक काढलें. पहिल्या अंकाच्या अवघ्या 60 प्रती छापल्या, आणि त्यांतील बऱ्याचशा परदेशांतील विद्वानांस टपालानें पाठविल्या. पक्ष्यांच्या लहान मेंदूंत एका पेशीचा तंतु दुसरीस स्पर्श करितो, परंतु तींत मिसळत नाहीं, प्रत्येक पेशी स्वतंत्र आहे, असें त्यांत दाखविलें होतें. स्पॅनिश भाषेंतील तें मासिक वाचतो कोण? तेव्हां 1889 च्या ऑक्टोबरांत काहाल स्वतःच आपला सूक्ष्मदर्शक व कांचेच्या पट्ट्या घेऊन बर्लिनला जर्मन शरीरशास्त्रज्ञांच्या परिषदेस गेले. मोडक्यातोडक्या फ्रेंचमध्यें बोलत ते एकेकाला आपल्या यंत्रापाशीं नेऊं लागले. वयोवृद्ध प्रोफेसर कॉलिकर यांनीं डोळा लावला आणि त्यांची खात्री पटली. सत्तरी उलटलेल्या या जर्मन पंडितानें काहाल यांचे लेख वाचतां यावेत म्हणून पुढें स्पॅनिश भाषा शिकून घेतली. आपलें जुनें मत सोडण्यास तर त्यांनीं मागेंपुढें पाहिलेंच नाहीं. 1891 सालीं वाल्डेयर यांनीं या स्वतंत्र पेशीला न्यूरॉन हें नांव दिलें.

परंतु पेशी स्वतंत्र आहेत असें म्हटल्याबरोबर एक नवी अडचण उभी राहते. जाळें जर जन्मतःच अखंड असेल तर वाट शोधण्याचा प्रश्नच नाहीं. पेशी सुटी असेल तर पाठीच्या कण्यांत बसलेल्या पेशीनें थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत, सुमारें मीटरभर लांब, तंतु धाडला कसा? 1890 सालीं कोंबडीच्या अंड्यांतील तीनचार दिवसांच्या गर्भाचे काप पाहत असतां काहाल यांस याचें उत्तर दिसलें. पृष्ठरज्जूंत नुकत्याच निघालेल्या प्रत्येक तंतूच्या टोंकाशीं एक फुगीर, शंकूसारखा भाग होता, आणि त्यांतून बारीक बोटें चोहोंकडे पसरलेलीं होतीं. त्याला त्यांनीं वाढीचा शंकु असें नांव दिलें. ज्या कापांत तो दिसला ते काप मेलेले, रंगविलेले, जागच्या जागीं गोठलेले होते. तरीहि अनेक वयाच्या गर्भांतील अनेक शंकु शेजारीं शेजारीं ठेवून पाहिल्यावर त्यांनीं ओळखलें कीं, ही हालचाल करणारी वस्तु आहे. अमीबाप्रमाणें ती सरकते, चांचपडते, अडथळ्याला मऊपणानें रेटा देऊन वाट काढते. आम्हांला त्यांच्या सर्व शोधांत हा शोध सर्वांत मोठा वाटतो, कारण येथें नुसत्या डोळ्यांचें काम नव्हतें. स्थिर चित्रांतून चाल ओळखणें हें चित्रकाराच्या मनाचें काम होतें.

दोन वर्षांनीं, 1892 सालीं, त्यांनीं त्यापुढें एक तर्क मांडला. गर्भांतील कांहीं पेशी विशिष्ट द्रव्यें स्रवत असाव्यात व त्यांच्या ओढीनें हे शंकु योग्य दिशेस वळत असावेत, असा तो तर्क. त्याला प्रत्यक्ष पुरावा त्या वेळीं कांहींच नव्हता. कित्येक विद्वान् तर शंकूचें चालणेंच मान्य करीनात. शेवटीं 1907 सालीं अमेरिकेंत रॉस हॅरिसन यांनीं बेडकाच्या गर्भांतील मज्जापेशींचा तुकडा लसिकेच्या एका लोंबत्या थेंबांत जिवंत ठेवला, आणि सूक्ष्मदर्शकाखालीं तंतु वाढतांना, त्याचें टोंक बोटें हालवीत पुढें सरकतांना प्रत्यक्ष पाहिलें. काहाल यांनीं मेलेल्या कापांत जें वाचलें होतें, तें जिवंतपणीं तसेंच निघालें.

दरम्यान काहाल 1892 सालीं माद्रिदच्या विद्यापीठांत गेले होते. 1894 सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांना व्याख्यानास बोलाविलें. 1903 सालीं त्यांनीं चांदीच्या क्षाराचीच एक नवी रीति बसविली; तिनें पेशीच्या आंतील सूक्ष्म धागे तपकिरी-काळे उमटूं लागले. पेशीच्या पोटांतहि कांहीं रचना आहे, ती नुसत्या चिकट रसाची पिशवी नव्हे, हें त्या धाग्यांनीं उघड केलें. 1906 सालीं वैद्यकाचें नोबेल पारितोषिक काहाल व गोल्जी या दोघांस विभागून देण्यांत आलें. तेथील प्रसंग मोठा चमत्कारिक झाला. 11 डिसेंबर रोजीं गोल्जी यांनीं आपल्या व्याख्यानांत ज्या सिद्धान्ताबद्दल सोबत्याचा गौरव झाला होता त्यावरच हल्ला चढविला. दुसऱ्या दिवशीं काहाल यांनीं गोल्जींच्या रीतीचें ऋण मान्य करून आपला पुरावा शांतपणें मांडला. एकाच रीतीनें रंगविलेल्या पेशी पाहून दोघांनीं विरुद्ध निकाल काढावेत, आणि दोघांनाहि एकच बक्षीस मिळावें, असें क्वचितच घडतें.

1913 व 1914 या सालीं दोन भागांत प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाचा विषय आमच्या ऊसतोड्याच्या हाताशींच संबद्ध होता: तुटलेले मज्जातंतु पुन्हां वाढतात कसे? त्यांना दिसलें कीं, हातापायांतील तुटलेल्या तंतूला गर्भांतल्यासारखाच शंकु पुन्हां फुटतो व तो वाट शोधूं लागतो. पण मेंदूंतील व पृष्ठरज्जूंतील तंतु तुटला तर थोडीशी धडपड होते. मग टोंकाला शंकूऐवजीं गोळा येतो व वाढ थांबते. त्या निर्जीव गोळ्यांचीं चित्रेंहि त्यांनीं तितक्याच निष्ठेनें काढून ठेविलीं. प्रौढ मेंदूंतील वाटा ठरलेल्या व न बदलणाऱ्या असतात, हा निष्कर्ष त्यांना स्वतःलाच कटु वाटला. परंतु तो बदलण्याचें काम त्यांनीं पुढच्या पिढीच्या शास्त्रावर सोंपविलें.

त्यांच्या इतर छंदांविषयीं लिहूं लागलों तर दुसरा लेख होईल. त्यांना बुद्धिबळाचें व्यसन होतें व तें त्यांनीं निश्चयानें सोडलें. तरुणपणीं तालीम केली. छायाचित्रणाच्या कांचा ते स्वतः तयार करीत, आणि रंगीत छायाचित्रणावर त्यांनीं 1912 सालीं एक पुस्तकहि लिहिलें. 1922 सालीं ते सेवानिवृत्त झाले. 17 ऑक्टोबर 1934 रोजीं माद्रिद येथें वयाच्या 82 व्या वर्षीं त्यांचा अंत झाला.

त्यांच्या मागें त्या शंकूचें काय झालें, तें सांगितल्यावांचून हें चरित्र अर्धें राहील. काहाल यांच्या चांदीनें जे धागे रंगले, ते टोंकाला चालविणारे नव्हते. चालविणारे धागे इतके बारीक आहेत कीं साध्या प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाला ते एकेकटे दिसूंच शकत नाहींत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें ते दाखविले. शंकूच्या कडेला व त्याच्या बोटांत अ‍ॅक्टिन नांवाच्या प्रथिनाचे धागे असतात. त्यांची जाडी सुमारें 7 नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यांतील 7 भाग. तंतूच्या मधोमध मात्र पोकळ सूक्ष्मनलिका असतात. त्यांची जाडी 25 नॅनोमीटर. पेशीचा सांगाडा म्हणतात तो प्रामुख्यानें हाच. पण हाडांच्या सांगाड्यासारखा तो कायमचा नसतो. एका टोंकाशीं जुळत व दुसऱ्या टोंकाशीं सुटत तो घडोघडीं नवा होत असतो.

त्याच्या चालीचा प्रकार आमच्या शेतकरी वाचकांस चटकन् समजेल. पावसाळ्यांत काळ्या रानांत ट्रॅक्टर रुतला म्हणजे चाक गरगर फिरतें, चिखल मागें उडतो, पण ट्रॅक्टर जागचा हालत नाहीं. चाकाखालीं दगड घातले, पकड मिळाली, कीं तेंच फिरणें गाडीला पुढें नेतें. शंकूंतहि अ‍ॅक्टिनचे धागे कडेला जुळत असतात व सतत मागें ओढले जात असतात; हें झालें चिखलांतलें चाक. एखाद्या बोटाला बाहेर योग्य पृष्ठभाग लागला, तेथें तें चिकटलें, कीं मागचा ओघ मंदावतो व तीच शक्ति कडेला पुढें सरकविते. मग मधल्या सूक्ष्मनलिका त्या बाजूस शिरतात व नवी वाट पक्की करितात. ज्या बाजूला पकड नाहीं, तेथील बोटें मिटतात. अशा रीतीनें शंकु वळतो. चांचपडण्याचें काम धाग्यांचें, आणि मिळालेली जागा टिकविण्याचें काम नलिकांचें.

हें श्रमविभाजन 1970 सालीं अमेरिकेंतील यामादा, स्पूनर व वेसेल्स यांनीं दोन विषांच्या साहाय्यानें दाखविलें. बुरशीपासून मिळणाऱ्या एका विषानें अ‍ॅक्टिनचे धागे बिघडतात. तें दिलें तेव्हां शंकूचीं बोटें मिटलीं व वाढ थांबली, पण तंतु उभा राहिला. दुसरें विष कोल्चिसिन. तें सूक्ष्मनलिका मोडतें. तें दिल्यावर बोटें कांहीं काळ हालत राहिलीं, पण मागचा तंतूच आंखडून कोसळला. हें कोल्चिसिन आमच्या वाचकांस अपरिचित नाहीं, फक्त नांव नवें आहे. पावसाळ्यांत रानांत व कुंपणांवर जी लालपिवळ्या ज्वाळांसारख्या फुलांची कळलावी चढते, तिच्या कंदांत व बियांत तेंच विष असतें. तो कंद पोटांत गेल्यास मरण ओढवतें, तेव्हां मुलांनीं तिला हात लावूं नये. फक्त तिचें पान नीट पाहावें: पानाचें टोंक लांब, बारीक असतें, आणि आधार सांपडला कीं त्याला वेढा घालून वेल वर चढते. शंकूच्या बोटांचें याहून चांगलें चित्र आम्हांस कोठें मिळालें नाहीं. आणि त्याच वेलीच्या पोटांत तो सांगाडा मोडणारें विष असावें, हा योगायोग मोठा नवलाचा आहे.

राहिला काहाल यांचा 1892 चा तर्क. तो सिद्ध होण्यास शंभर वर्षें लागलीं. 1994 सालीं अमेरिकेंत मार्क टेसिये-लाविन्य व त्यांच्या सहकाऱ्यांनीं कोंबडीच्या गर्भांच्या मेंदूंतून एक प्रथिन वेगळें केलें. पृष्ठरज्जूच्या तळाशीं तें स्रवतें, आणि विशिष्ट तंतूंचे शंकु त्याच्या दिशेस वळतात. ज्या पृष्ठरज्जूंत काहाल यांनीं पहिला शंकु पाहिला, तेथेंच हा प्रकार घडतो. शोधकांनीं या प्रथिनाला नेट्रिन असें नांव दिलें, आणि तें घेतलें संस्कृतांतून: नेतृ, म्हणजे वाट दाखविणारा. शंकूला दूर लोटणारीं प्रथिनेंहि त्याच सुमारास सांपडलीं. ओढणारें असो कीं लोटणारें, त्याचा निरोप शेवटीं आंतल्या सांगाड्यालाच पोहोंचतो, व एका बाजूचे धागे जुळून किंवा सुटून शंकु वळतो.

तुटलेल्या पृष्ठरज्जूंतील त्या गोळ्यांचाहि मागोवा लागला आहे. तेथील सूक्ष्मनलिका विस्कळित झालेल्या असतात, हें 2007 सालीं दिसून आलें. 2011 सालीं कांहीं शास्त्रज्ञांनीं, सूक्ष्मनलिकांना स्थिर करणारें टॅक्सॉल हें औषध अल्प प्रमाणांत दिलें असतां उंदरांच्या जातीच्या प्राण्यांत व्रण कमी होतो व तंतु पुन्हां वाढूं लागतात, असें दाखविलें. हें औषध मूळ कर्करोगावरचें. विहिरींत किंवा झाडावरून पडून ज्यांचा कणा मोडला आहे, त्या माणसांना मात्र यामुळें अजून पायांवर उभें करतां आलेलें नाहीं. मनगटाचा तंतु सहा महिन्यांत बोटाशीं येतो. कण्यांतला तंतु काहाल यांनीं काढलेल्या त्या चित्रांतल्याप्रमाणें गोळा होऊन तेथेंच थांबतो. त्यांचीं तीं चित्रें व कांचेच्या पट्ट्या माद्रिदमध्यें जपून ठेविलेल्या आहेत, आणि या विषयावर काम करणारे लोक आजहि तीं पाहावयास जातात.